मांडीचा रकाना

तृप्ती मगदूमचा सत्कार होता आणि शाल आणायचं काम माझ्याकडे आलं होतं. आमच्या रुग्णालयाच्या ट्रस्टचे सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, तुम्ही तिच्या गुरू. तुमच्याच हस्ते होऊ द्या." मी मिरजेच्या बाजारात तीन दुकानं पालथी घातली आणि मुद्दाम जाडजूड लोकरीची शाल घेतली. फेब्रुवारी संपत आला होता, दुपारी घाम फुटत होता. व्यासपीठावर मी ती तिच्या खांद्यांवर चढवली. अर्ध्या तासाच्या भाषणात तिने ती एकदाही खाली घेतली नाही. नंतर कुणीतरी म्हणालं, "अहो, काढा ती, उकडतंय." तर म्हणते कशी, "असू दे, मॅडमनी दिलीय."

अशा माणसाचा मत्सर करणं फार कठीण काम आहे. मी ते नेटाने केलं.

मी डॉ. शैलजा आवटी. लहान मुलांची मोडलेली हाडं जोडणं हा माझा एकतीस वर्षांचा उद्योग, आणि त्यातही मांडीचं हाड हा माझा प्रांत. मिरजेपासून जतपर्यंतच्या भागात एखादं पोर ट्रॉलीवरून पडलं की लोक म्हणायचे, "आवटीबाईंकडं न्या." पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी माझं हत्यार म्हणजे टायटॅनियमच्या दोन लवचिक सळ्या. गुडघ्याच्या वर, हाडाच्या वाढीची चकती टाळून दोन बाजूंनी दोन बारीक भोकं पाडायची आणि दोन सळ्या हाडाच्या पोकळीतून वर सरकवायच्या. प्रत्येक सळईला आधी धनुष्यासारखा बाक द्यायचा. दोन बाक आत एकमेकांविरुद्ध दाबत बसतात आणि मोडलेलं हाड मधल्या मध्ये धरून ठेवतात. हा बाक मी अंगठ्याने देते. किती द्यायचा ते मला हाड बघून कळतं, आणि ते मी कुणाला शब्दांत सांगू शकलेले नाही.

सळ्यांची दोन दुखणी होती. त्यांची टोकं गुडघ्यापाशी टोचायची आणि वर्षभराने त्या काढायला पोराला पुन्हा भूल द्यावी लागायची. तृप्तीने नेमकी हीच दोन दुखणी पकडली.

तृप्ती माझी विद्यार्थिनी. इचलकरंजीला तिच्या वडिलांचं लेथचं वर्कशॉप होतं, त्यामुळे पोरीचा हात यंत्रावर लहानपणापासून बसलेला. तिने केलं ते "कडं". मोडलेला पाय एका मोठ्या कड्यात ठेवायचा. कडं ध्वनिलहरींनी हाडाचं चित्र घेतं, पाय हलक्या हाताने ओढतं, फिरवतं आणि तुकडे जुळवतं. मग जाड सुईएवढ्या एकाच भोकातून हाडाच्या पोकळीत एक दाट द्रव सोडायचा. त्यात रेशमातलं प्रथिन आणि लोह मिसळलेली मॅग्नेशियमची पूड असते. कड्याच्या चुंबकाखाली ती पूड रांगेत उभी राहते आणि चार मिनिटांत आतल्या आत सळई तयार होते. पहिले बारा दिवस ती कच्ची असते, कड्याने ऊब दिली तर पुन्हा मऊ करता येते. त्यानंतर हाड तिला घट्ट धरतं. दहा महिन्यांत ती विरघळून जाते आणि मागे फक्त हाड उरतं. मूल पाचव्या दिवशी उभं राहतं. टाका एकच.

हे सगळं ऐकून मी "छान आहे" म्हणाले होते. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

सळ्या बऱ्या की कडं बरं, हे ठरवायला आमच्याच रुग्णालयात तुलना करायची ठरली. एकशे सोळा मुलं. कोणत्या मुलाला काय, ते संगणकाने नाणेफेक करून ठरवायचं, म्हणजे वशिला नको. अठ्ठावन्न माझ्या वाट्याला, अठ्ठावन्न तिच्या. वर्षभराने प्रत्येकाची तपासणी, सत्तावीस रकान्यांचा फॉर्म. फॉर्म मराठीत हवा असा आग्रह माझा, तो केलाही मीच. दुखणं, ताप, पायांच्या लांबीतला फरक, जिना, पळणं आणि चालपट्टीवरचे गुण. चालपट्टी म्हणजे जमिनीवर अंथरलेली जाळी. मूल तिच्यावरून चालत गेलं की ती शंभरातले गुण देते.

माझ्या मुलांना सरासरी एक्क्याण्णव मिळाले, तिच्या मुलांना सत्त्याण्णव. बाकीच्या रकान्यांतही तीच गत. एकूण एक आकडा तिच्या बाजूला गेला. आकडे खोटे नव्हते, हेच तर दुखत होतं. निकाल लागायच्या आधीच अकरा रुग्णालयांनी कडं घेतलं आणि माझ्या ओपीडीत आईबाप मुलाला घेऊन यायचे, बसायचे, आणि अवघडून विचारायचे, "मगदूम मॅडम कुठं बसत्यात?" मी बोटाने वरचा मजला दाखवायची. मला एवढंच हवं होतं की एखाद्या तरी आईने म्हणावं, नको, तुमच्याच हातचं हवं. दोन वर्षांत कुणी म्हटलं नाही.

सुवार्ता सिस्टर बावीस वर्षं माझ्या टेबलाशी उभी राहिलेली. मी नुसता हात पुढे करायचा, हवं ते हत्यार तळहातावर. तीही आठवड्यातले चार दिवस कड्याकडे जायला लागली. मी एकदा टोमणा मारला, "तिथे कंटाळा येत असेल ना? हातात द्यायला काही नसतंच."

"म्हणून तर बरं पडतं मॅडम," ती म्हणाली. "माझे गुडघे गेलेत आता."



नऊ मार्चचा तो बुधवार. बुधवारी जुन्या मुलांची तपासणी असते आणि लांबून आलेल्यांना ट्रस्टतर्फे दुपारी खिचडी-आमटी. व्हरांड्यात सतरंज्या टाकतात, पंगत बसते. मी जिन्यावरून खाली येत होते. पंगतीच्या टोकाला नऊ वर्षांची शिवन्या होती. तिला मी ओळखत होते. आदल्या वर्षी बेदाण्याच्या शेडमध्ये द्राक्षं सुकवायच्या जाळीच्या पाचव्या थरावर चढून खाली पडलेली, नाणेफेकीत तृप्तीकडे गेलेली. चालपट्टीवर अठ्ठ्याण्णव गुण. वाढणारी बाई तिला म्हणत होती, "पोरी, ताटाकडं पाय करू नये. मांडी घाल नीट."

शिवन्याने मांडी घालायचा प्रयत्न केला. डावा गुडघा टेकला. उजवा हवेतच राहिला. तिने तो हाताने खाली दाबला, तोंड वाकडं केलं, आणि सरळ ताट उचलून खांबाला टेकून उभ्याने खायला लागली.

मी तिच्याजवळ गेले. "का गं, बसत का नाहीस?"

"मला न्हाई जमत."

तिची आई लगबगीने पुढे आली. "आवो, शाळंतबी असंच करतीया. बाई वरडत्यात, पंगतीत नीट बस म्हणून. आमी म्हटलं, नाटकं करतीया."

मी तिला आत नेऊन पालथं निजवलं, गुडघे दुमडले आणि दोन्ही पाय आळीपाळीने आत-बाहेर फिरवून बघितले. डावा पाय दोन्हीकडे सारखा फिरत होता. उजवा आतल्या बाजूला हवा तेवढा जात होता, पण मांडी घालायला लागतो त्या बाजूला जेमतेम. म्हणजे मोडलेल्या जागेच्या खालचं हाड वीसेक अंश आत पिळलं जाऊन तसंच जुळलेलं. असं मूल चालताना कुणाला काही दिसत नाही, पळतंही ते झकास. खुर्चीवर तर प्रश्नच नाही. जमिनीवर बसायची वेळ आली की पितळ उघडं पडतं.

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहिते, नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मला आनंद झाला. दोन वर्षांत झाला नव्हता एवढा. समोर एक मूल उभ्याने जेवत होतं आणि मला नाचावंसं वाटत होतं.

मी संगणकावर तिची फाइल उघडली. शेवटचा, सत्ताविसावा रकाना मीच घातलेला होता: "मांडी". पुढे लिहिलं होतं, "ठीक". खाली तृप्तीची सही. मी बाकीच्या सत्तावन्न फाइली उघडल्या. मांडी ठीक, मांडी ठीक, मांडी ठीक.

म्हणजे बाई खोटं लिहितात! शाल घेऊन मिरवणाऱ्या साध्वी मगदूम मॅडम चक्क खोटं लिहितात!

शिवन्याच्या आईला मी सांगितलं, "काळजी करू नका, पुन्हा बोलावते." आणि जवळच्या गावांतल्या तृप्तीच्या मुलांना फोन लावायला सांगितले. शुक्रवार संध्याकाळपर्यंत अकरा मुलं बघून झाली. पाच जणांना मांडी घालता येत नव्हती. मुलांना टेबलावर चढवायला सुवार्ता सिस्टर होती. पाचवं मूल बाहेर गेल्यावर ती म्हणाली, "मगदूम मॅडमना सांगितलंत?"

"दोन एप्रिलला पुण्यात परिषद आहे. तिथे सांगणार."

"पुण्यात कशाला? त्या वरच्या मजल्यावर असतात की."

"सिस्टर, नीट पुरावा गोळा झाल्याशिवाय बोलू नये," मी म्हणाले. वाक्य चांगलं होतं. परिषदेत तृप्तीचं मुख्य भाषण होतं आणि त्यानंतर पाच मिनिटं प्रश्नांना होती. माझा प्रश्न मी तोपर्यंत पाठ केला होता. सभागृहात सहाशे डॉक्टर असणार होते.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ईश्वरी नावाची सहा वर्षांची मुलगी आली. शाळेचं लोखंडी फाटक अंगावर पडून उजवी मांडी मोडलेली. तिची आई कोमल, आरगच्या बाजूची, सारखी पदराने मुलीचा घाम पुसत होती. कडं लावायला घेतलं तेव्हा मी त्या खोलीच्या काचेबाहेर जाऊन उभी राहिले. का गेले, ते मला माहीत होतं. मला बघायचं होतं.

कड्याने पाय ओढला. तुकडे समोरासमोर आले. मग पाय हळूच फिरायला लागला, आत, आणखी थोडा आत. माझ्या स्वतःच्या मनगटाने नकळत उलट्या बाजूला वळण घेतलं. पडद्यावर हिरवी अक्षरं आली: जुळणी नव्व्याण्णव टक्के. तृप्तीने मान वर केली आणि मला बघून तिचा चेहरा खुलला. "मॅडम, या ना आत!"

"नको," मी म्हणाले. "इथूनच छान दिसतंय."

द्रव सोडला गेला. मी चार मिनिटं तिथे होते. कदाचित हिचा नीट बसला असेल, असं मनाला सांगत मी चहा प्यायला गेले.

पुढच्या दोन बुधवारांत मी आणखी वीस मुलं बघितली. एकूण एकतीस, त्यांतली चौदा अडकलेली. माझी सळ्यांची तीस मुलंही तपासली, त्यात फक्त दोन. आलेख काढले, रंग भरले. चोवीस मार्चला ईश्वरीचे बारा दिवस संपत होते. ती तारीख मला पाठ होती. त्या दिवशी मी आलेखातला लाल रंग जास्त गडद करत बसले होते.

अठ्ठावीस तारखेला, सोमवारी, कोमल ईश्वरीला दाखवायला घेऊन आली. तृप्ती वर होती, खाली मी. कोमलचा चेहरा नुसता फुलला होता. "म्यॅडम, बघा की कशी चालतीया! कोन म्हनंल पाय मोडलावता?"

ईश्वरी खरंच झोकात चालत होती. मी म्हणाले, "बाळा, खाली बसून दाखव. मांडी घालून."

ती बसली. उजवा गुडघा वरच राहिला. तिने तो दोन्ही हातांनी खाली दाबला, तिला गंमत वाटली, हसली. पुन्हा जोरात दाबला आणि कळ आली तशी भोकाड पसरलं.

"व्हईल न्हवं सावकाश?" कोमलने विचारलं.

सावकाश काय होतं आणि काय होत नाही, ते मला एकतीस वर्षं माहीत आहे. मुलाचं हाड थोडं वाकडं जुळलं तर वाढताना सरळ होतं. थोडं आखूड जुळलं तर भरून निघतं. पीळ मात्र तसाच राहतो. मी काचेबाहेर उभी असताना तो पीळ माझ्या डोळ्यांदेखत बसला होता, आणि पुढचे बारा दिवस तो कड्याची ऊब देऊन सोडवता येत होता. "इथेच थांबा," असं म्हणून मी जिना चढले.

तृप्ती डबा खात होती. मी आलेखांचे कागद तिच्या पुढ्यात टाकले. एवढं होऊनही माझं पहिलं वाक्य तिच्यावर आरोपाचंच होतं. "खोटं का लिहिलंस?"

"काय खोटं, मॅडम?"

"मांडी ठीक. अठ्ठावन्न वेळा."

"ठीकच आहे की. हाड जुळलंय, लांबी बरोबर आहे..."

"अगं, मांडी घालता येत नाही त्यांना! चौदा मुलांना!"

तिचा घास हातात राहिला. "मांडी म्हणजे... बसायची मांडी?"

ती उठली, हात न धुता डाव्या हाताने संगणकावर माझ्या गटाचे फॉर्म काढले. माझ्या निवासी डॉक्टरांनी भरलेले, मी सही केलेले. मांडी ठीक. अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न. मांडी घालता न येणारी माझी ती दोन मुलंही ठीक होती.

मराठीत मांडी मोडतेही आणि मांडी घालतातही. आम्ही हाडांचे डॉक्टर दिवसभर म्हणतो काय, "मांडीची केस आली, मांडीचा एक्सरे काढा." त्या रकान्यात मला म्हणायचं होतं, मांडी घालून बसता येतं का. लिहिताना मी एकच शब्द लिहिला. मला वाटलं, कळेल की. बाकी सगळ्यांना कळलंच, पण आपापलं. फॉर्म कुणी केला होता, हे तृप्तीने तोंडातून काढलं नाही. तेवढ्या वेळात मी चारदा मेले.

"पण मॅडम, तुमच्या सळ्यांत दोनच. माझ्यात चौदा का?" ती विचारत होती. तिचं डोकं पुढे गेलंसुद्धा होतं.

"सळ्या घालून झाल्या की मी टेबलावरच पाय दुमडून मांडी घालून बघते. बसत नसेल तर थोडा फिरवते."

"ते मी शंभरदा पाहिलंय. मला वाटायचं, तुम्ही पाय मोकळा करताय."

"मी कधी सांगितलं नाही."

"मी विचारलं नाही," ती म्हणाली आणि कड्याच्या आतला हिशेब उघडला. पाय किती फिरवायचा ते ठरवताना कडं मुलाचा दुसरा, धड पाय बघतं आणि शिवाय त्याच्या स्मरणात असलेल्या चाळीस हजार मुलांची सरासरी बघतं. दोन्हींत फरक पडला तर ते सरासरीकडे झुकतं. ती मुलं बहुतेक परदेशातली, जन्मापासून खुर्चीवर बसणारी. आमच्या पोरांचे पाय त्यांच्याहून जास्त बाहेर फिरतात. कड्याच्या लेखी ती आमच्या पोरांच्या मोजमापातली चूक होती आणि ते ती इमानदारीने सुधारत होतं.

अर्ध्या तासात तिने आमच्याकडचं कडं आणि अकराही ठिकाणची कडी बंद करायला लावली. नंतर आकडे आले. मी गप्प राहिलेल्या एकोणीस दिवसांत तेवीस मुलांना कडं लागलं होतं. चौदा अजून बारा दिवसांच्या आत होती, त्यांचा पीळ काढता येणार होता. उरलेल्या नवांपैकी चौघांचा पाय पुढे आत वळलेला निघाला.

तृप्तीने सगळ्या रुग्णालयांना पाठवायचं पत्र लिहिलं आणि मला मोठ्याने वाचून दाखवलं. "डॉ. शैलजा आवटी यांच्या बारकाईच्या तपासणीमुळे हा दोष," ती थांबली. "रोजी लक्षात आला. तारीख मी रिकामी ठेवलीय, मॅडम. ती तुम्ही घाला."

मी कागद पुढे ओढला.

"फाइल कुणी, कधी उघडली, त्याची नोंद राहते," ती हळू आवाजात म्हणाली. "अठ्ठावन्न फाइली एकाच दुपारी. मी आत्ता बघितलं. मी कुणाला सांगणार नाही. पण एवढं तुम्ही लिहा."

सुवार्ता सिस्टर दारात उभी होती. अठ्ठावीस मार्च लिहिलं असतं तरी दोघींपैकी कुणी तोंड उघडलं नसतं, याची मला खात्री होती. मी नऊ मार्च लिहिलं. तृप्तीने पत्र पाठवून दिलं.

"एवढा राग होता माझ्यावर?" तिने विचारलं.

"राग नव्हता गं. राग असता तर तोंडावर बोलले असते. मी जळत होते." आणि मला रडू फुटलं. तिने मला पाणी दिलं नाही, जवळही घेतलं नाही. ती त्या नऊ मुलांची नावं कागदावर उतरवत बसली, आणि ते बरोबरच होतं.

खाली कोमल अजून बाकावर होती. ईश्वरी तिच्या मांडीवर झोपली होती. मी शेजारी बसले आणि सांगितलं की हाड पिळलेलं जुळलंय. कड्याने आता ते सुटणार नाही. हाड पुन्हा कापावं लागेल, फिरवावं लागेल आणि सळ्या घालून धरावं लागेल.

तिने विचारलं, "मशीननं?"

"नाही. हाताने."

"तुमी करनार न्हवं? मग मला भ्या न्हाई." तिने डोळे पुसले. "तुमचं ध्यान गेलं म्हनून कळलं तरी. आता तुमच्याच हातानं करा, म्यॅडम."

दोन वर्षं ज्या वाक्यासाठी मी झुरत होते, ते असं माझ्या ओटीत पडलं. ते घेऊन मला उठता आलं असतं. पत्र डॉक्टरांना गेलं होतं, कोमल काही ते वाचणार नव्हती.

"ऐका," मी म्हणाले. "मला हे आधीच माहीत होतं. ईश्वरीला कडं लावलं त्या शनिवारी मी काचेबाहेर उभी होते. मी थांबवू शकले असते."

तिला कळायला वेळ लागला. "मग का न्हाई थांबवलंसा?"

"दुसऱ्या मॅडमचं नाव खराब व्हावं म्हणून."

कोमलने झोपलेल्या मुलीला उचलून खांद्यावर घेतलं आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकली. ती मुलीच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"ह्ये आपरेशन," तिने शेवटी विचारलं, माझ्याकडे न बघता, "दुसरं कोन करतं का?"

मी मनात नावं आठवली. माझ्या बरोबरीचे दोघे निवृत्त झाले होते. तरुण पोरं सगळी कड्यावर शिकलेली. गेल्या चार वर्षांत सळईला बाक द्यायला माझ्याकडून कुणी शिकलं नव्हतं आणि मीही कुणाला बोलावून शिकवलं नव्हतं. मी पुन्हा पहिल्यापासून नावं आठवली. एखादं तरी सापडावं म्हणून मी देवाला विनवत होते.

"नाही," मी म्हणाले. "या भागात मी एकटीच."